वायच सरका

९ जानेवारी १९८९

नव्या डायरीचं पहिलं पान चांगल्या बातमीने भरायचं म्हणून आठवडाभर थांबले होते. बातमी आज मिळाली. परळच्या धर्मादाय इस्पितळाचं काम रमाकांत सरांनी मला दिलं. मला एकटीला! ऑफिसातल्या दोघा पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. खोताच्या वाडीजवळच्या त्या पोटमाळ्यावर बसून वर्षभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढल्या, तांदळातले खडे निवडावेत तशा. आता स्वतःचा भात शिजवायचा.

काम असं आहे. छातीच्या वॉर्डात फुकट खाटा थोड्या, आणि गिरण्यांचा संप बुडाल्यापासून फुकट खाट मागणारे भरपूर. हे लोक रोज सकाळी येऊन गॅलरीतल्या बाकावर बसतात. महादेवमामा नावाचे शिपाई त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका तारेत खोचून ठेवतात आणि खाट रिकामी झाली की वरच्या चिठ्ठीला हाक मारतात. मोठ्या डॉक्टरांना हे गावठी वाटतं. त्यांना टर्मिनलच्या पडद्यावर नावांची एक ओळ हवी आहे. सगळ्यात डावीकडचं नाव पुढचं; हाक मारली की ते पुसलं जाईल आणि बाकीची डावीकडे सरकतील. कुणी तातडीचा आला तर त्याचं नाव डावीकडे मधे घालता आलं पाहिजे.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे चिठ्ठी काचेच्या आत घालतलंस." आई-बाप गेल्यावर जिने मला लालबागच्या खोलीत आणून वाढवलं, शिकवलं, तिला याहून जास्त काय समजावणार? पण पेढे तिनेच आणले.

१४ जानेवारी

संक्रांत असून दिवसभर मॅन्युअलमध्ये डोकं. सी भाषेत पडद्यावर अक्षरं मांडायला एक तयार लायब्ररी असते, तिचं नाव 'कर्सेस'. कर्सरवरून पडलंय ते. पण इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ शाप, हे आत्याला गंमत म्हणून सांगितलं आणि पस्तावले. तिने लगेच तिळाचा लाडू माझ्यावरून उतरवून गॅलरीत कावळ्याला टाकला.

त्या लायब्ररीत एक फंक्शन आहे, नेमकं मला हवं तेच. कर्सर जिथे असेल तिथे नवा शब्द घुसवायचा. पुढची सगळी अक्षरं आपोआप उजवीकडे सरकतात. कर्सर मात्र जागचा हलत नाही.

आत्याला हे एका वाक्यात कळलं. अहो, कळणारच! संपाआधी आमच्या खोलीत ती गावच्या गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची आणि ती माणसं झोपायचीही तिथेच, भिंतीपासून दारापर्यंत ओळीने. गावाहून कुणी नवा पोरगा आला की तो बिचकू नये म्हणून त्याला भिंतीकडची जागा. मग आत्या ओरडायची, "वायच सरका रे!" सगळी ओळ कूस बदलून दाराकडे सरकायची आणि शेवटचा गडी बाहेर गॅलरीत जायचा. आत्या चादर घेऊन त्याच्यामागे जायची. मी लहान होते, मला ते सरकणं फार आवडायचं. शेवटी कोण बाहेर जायचं ते आठवत नाही.

२५ जानेवारी

प्रोग्रॅम उभा राहिला. आणि आज मी एक अक्कल लढवली, ती इथे लिहून ठेवते, कारण आत्मस्तुती दुसरीकडे कुठे करणार. मशीनमध्ये मेमरी तुटपुंजी. म्हटलं, नावांची वेगळी यादी ठेवायचीच कशाला? पडद्यावर जी ओळ आहे तीच यादी. संध्याकाळी पडदा जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा आणि सकाळी परत लावायचा. रमाकांत सर म्हणाले, "नलिनी, तू लांब जाशील."

६ फेब्रुवारी

आज मशीन लागलं. काळ्या पडद्यावर हिरवी नावं, सगळी इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं या पडद्याला येत नाहीत. नावं टाइप करायला महादेवमामा आणि लाउडस्पीकरवर हाक मारायला केरळच्या एक सिस्टर. त्यांना मराठी येत नाही, पण पडद्यावर दिसेल ते त्या खणखणीत वाचतात.

महादेवमामा पूर्वी विणकर होते. संप मोडायला लोक आत जाऊ लागले तेव्हा हे गेले नाहीत, आणि नंतर गिरणीने यांना घेतलं नाही. मला म्हणाले, "मॅडम, ओळ भरली तर?"

"भरली तर नव्या माणसाला उद्या या म्हणायचं."

"आणि भरलेल्या ओळीत साहेबांनी कुणाला मधे घाला सांगितलं तर?"

"तर सगळे वायच सरकतील," मी म्हटलं. ते हसले, कोकणातलेच निघाले. चिठ्ठ्यांची तार मात्र टाकवेना त्यांना. खिडकीच्या खिळ्याला अडकवून ठेवलीय. मी म्हटलं, "मामा, काडीमोड घेतलात तरी बायकोचा फोटो भिंतीवर?" बायकोवरून आठवलं, त्यांच्या मंडळी दुपारी कॉटन ग्रीनहून त्यांचा डबा घेऊन येतात. बारीक चणीच्या, तोंडाला पदर लावून खोकतात.

२० फेब्रुवारी

आज हसून पुरेवाट. ओळीच्या अगदी उजव्या कडेला गेल्या आठवड्यात SHANT असं नाव बघितलं होतं. मामांनी टाइप करताना काहीतरी खाल्लं असणार. ते नाव सरकत सरकत आज डावीकडे आलं आणि सिस्टरनी लाउडस्पीकरवर हाक दिली, "शांत! शांत!" सगळी गॅलरी चिडीचूप. रडणारं एक पोर होतं, त्याच्याही तोंडावर आईने हात ठेवला. सिस्टर पुन्हा, "शांत!" लोक आणखी शांत. कुणी उठेना, तेव्हा त्यांनी पुढचं नाव घेतलं.

घरी येऊन आत्याला नक्कल करून दाखवली. ती हसता हसता खोकायला लागली आणि बराच वेळ थांबेना.

२७ फेब्रुवारी

लालबागच्या बाजारात मासे विकणारी शांती कोळीण गेली. आत्याची जुनी मैत्रीण. गिरणीतल्या माणसांना उधारीवर मासे घालून संप काढला होता तिने. आत्या तिच्या घरून आली आणि म्हणाली, "शांती शांत झाली गो." आपल्याकडे गेलेल्या माणसाला असंच म्हणतात, त्यात नवल नाही. पण माझ्या हातातून पेला पडला.

ती आमच्याच इस्पितळाच्या गॅलरीत बसायची म्हणे. रोज.

पडद्यावर ते कडेला लिहून आलं होतं. SHANT. दहा-बारा दिवस आधी. मी हे कुणाला सांगू? शिकलेली बाई आहे मी.

१० मार्च

प्रोग्रॅम तीनदा वाचून काढला. एकाही ओळीत चूक नाही. जे सांगितलं तेच ते करतंय.

आणि तरी आज सकाळी उजव्या कडेला DAGD. मी अक्षरं जोडून वाचली. दगड. स्मशानातून एक दगड उचलून आणतात आणि दहा दिवस सांभाळतात, तोच मला एकदम डोळ्यांपुढे आला. महादेवमामांना विचारलं, हे काय टाइप केलंत? म्हणाले, "मी दगडू घातला होता मॅडम. साहेबांचा फोन आला, अँटॉप हिलच्या कुणा ऑफिसरच्या सासऱ्याला मधे घाला. घातला. तेव्हा तो असा झाला."

"मग पुन्हा नीट लिहा."

"वरून हुकूम आहे, नावाला हात लावायचा नाही. घालायचं तेवढं घालायचं."

एखादं नाव कमी होऊन जागा झाली की मी कर्सर नेऊन एक U टाइप करू शकले असते. खरं सांगते, त्या अक्षरांना हात लावायची भीती वाटली. वाटलं, पडद्याला काहीतरी कळतंय आणि त्यात आपण ढवळाढवळ करू नये.

१७ मार्च

हाक मारली तेव्हा गॅलरी हसली म्हणे. "दगड, दगड!" तो म्हाताराही हसला असेल. परवा त्याच्या मुलाने त्याला गावी नेलं, आणि आज त्याच्या शेजाऱ्याने मामांना सांगितलं की तो एस.टी.तच गेला.

पडद्याकडे बघायला नको वाटतं. बंद केला तरी काळ्या काचेवर अक्षरांची हिरवट छाया राहते. सगळ्यात उजवीकडे जास्त.

२८ मार्च

आत्याच्या रुमालाला रक्त. चूल, स्टोव्ह, इतक्या माणसांच्या भाकऱ्या, सगळा धूर तिच्या छातीत बसलाय. मी म्हटलं, चल, मी तिथलीच आहे, तुझं नाव पहिलं घालते. तर ही बया काय म्हणते!

"माका रांग मोडून जावचा नाय."

"आत्या, जिवाचा प्रश्न आहे."

"गॅलरीत बसलेले काय लग्नाक इलेत?"

मी तिला इस्पितळात घेऊन गेले. महादेवमामांनी तिचं नाव रीतसर शेवटी घातलं. योगायोग असा की त्याच सकाळी त्यांनी आपल्या मंडळींचंही घातलं होतं, नुकतंच. त्यांचं खोकणं वाढलंय. मी म्हटलं, "मामा, तुमच्या हातात बटण आहे, मधे घाला की." ते म्हणाले, "संपात फुटलो नाय मॅडम. आता बाकावर फुटू?" एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, आत्या आणि हे.

ओळीचं शेपूट आता असं आहे: KAMAL RAKHMA. रखमा हे नाव पडद्यावर बघून आत्याला मजा वाटली. पहिल्यांदाच कुणी तिचं नाव असं उजेडात लिहिलं म्हणाली.

५ एप्रिल

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

आज इस्पितळात गेले तर उजव्या कडेला RAKH.

राख. चार हिरवी अक्षरं, आणि पुढे काचेची कड. सकाळी कुणाला तरी मधे घातलं होतं. मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. शांती, दगडू, आणि आता माझी आत्या. हिने मला वाढवलंय, मी हिला या पडद्याला देणार नाही. मामा वॉर्डात सलाइनची स्टँडं पोचवायला गेले होते. मी कर्सर अगदी डावीकडे नेला, मधे घालायचं बटण दाबलं आणि टाइप केलं: RAKHMA. पूर्ण. सहाच्या सहा अक्षरं. मग एक जागा मोकळी.

सगळी ओळ सरकली. मला आमची जुनी खोली दिसली, कूस बदलणारी. ते RAKH कडेवरून पलीकडे गेलं. आणि त्या जागी काय उरलं? KAM.

काम! मी मोठ्याने म्हटलं, "काम झालं!" या मेल्या पडद्याने पहिल्यांदाच शुभ शब्द काढला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मामा परत आले आणि पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी आधीच सांगून टाकलं, आत्याचं मी पुढे घेतलंय, रागवू नका. ते उजवीकडे बघत होते. म्हणाले, "तुम्ही मशीनवाल्या. तुम्ही घातलंत म्हणजे हिशेबानंच घातलं असेल." तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मामांनी ऐकून घेतलं आणि आणखी एक नाव मधे टाइप केलं, एक-एक अक्षर शोधत, नेहमीपेक्षा हळू. KAM गेलं. झालेलं काम पडद्यावर कशाला राहील?

दुपारी सिस्टरनी हाक मारली, "रखमा." आत्या उठली. तिला वाटलं, पाळी आली.

११ एप्रिल

आत्याला खाट आहे, औषध आहे, खिडकीतून वारा आहे. ताप उतरला. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मी शिरा करून नेला, सिस्टरलाही दिला. ऑफिसात सर म्हणाले, हाच प्रोग्रॅम दादरच्या एका इस्पितळाला विकू.

महादेवमामा चार दिवस आलेले नाहीत. त्यांच्या जागी आलेला माणूस पडद्याला चहाचा कप टेकवून ठेवतो.

१५ एप्रिल

आत्याच्या अंगात जीव आल्याची खूण म्हणजे तिने मला फैलावर घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून तिला कळलं होतं की ती बाई आत्याच्या कितीतरी आधीपासून ओळीत होती.

"माका भिंतीकडे घातलंस?"

मी तिची उशी नीट केली.

"घातलंस ता घातलंस. गॅलरीत कोण गेलो ता बघलंस काय गो?"

"कोणी नाही गेलं, आत्या. सगळे सरकले."

"सरकले म्हंजे कोणतरी जाताच." मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली. "चादर घेऊन जावक व्हया होतंस."

तापानंतर माणसं असंच काहीतरी बोलतात.

२० एप्रिल

महादेवमामा आले. डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली सफाचट. इतक्या दिवसांनी बघून मला इतका आनंद झाला की मी आपली माझ्या सवयीने बोलून गेले, "काय मामा, आम्हाला न सांगता तिरुपती?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाय मॅडम. कमल."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. कमल कोण, असं मी विचारलं.

"आमची मंडळी." त्यांनी बायकोचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं, त्यांच्या पिढीचे पुरुष घेत नाहीत. "घरीच गेली. त्या आठवड्यातच. पडद्यावर नाव दिसत नाय म्हणून मीच म्हटलं, उगाच बाकावर कशाला बसतेस."

मग माझ्या डोळ्यांपुढे ती अक्षरं आली. KAM. त्यापुढे कड. कडेच्या पलीकडे AL.

मी "काम झालं" म्हणाले होते. मोठ्याने. मामा तेव्हा वॉर्डात होते, ऐकायला नव्हते, एवढंच बरं.

२२ एप्रिल

शांती कोळीण आठ दिवस आमच्या बाकावर जिवंत बसली होती. तिला हाक मारली तेव्हाही बसली होती. आम्ही तिला शांत म्हटलं आणि ती शांत बसली. हे मला आज कळतंय, आणि मी माझ्याच हाताने डायरीत त्याची गंमत लिहून ठेवलीय.

मॅन्युअलमध्ये त्या फंक्शनखाली एक बारीक वाक्य आहे: ओळीच्या शेवटची अक्षरं हरवण्याची शक्यता. हे मी जानेवारीतच वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. आज दिवसभर नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात यादी वेगळी, पडदा वेगळा. कडेपलीकडे गेलेलं नावही यादीत राहतं आणि परत येतं. चालतंय का बघायला एक नाव घातलं, ढकललं, परत आणलं. पूर्ण आलं. कुठलं नाव, ते लिहायची गरज नाही. बोटांना दुसरं सुचलंच नाही.

पण आधी जी पडली ती नावं कुठून आणू? मामांना थोडी आठवतात, आत्याला थोडी. बाकीची कुणालाच नाहीत.

२४ एप्रिल

नवा प्रोग्रॅम आज लावला. आत्याला घरी सोडणार होते, म्हणून मी तिची पिशवी भरत होते. तिने पिशवीतून चादर वेगळी काढून ठेवली, कॉटन ग्रीनला मामांच्या घरी जायचंय म्हणाली. आता काय उपयोग, असं मी म्हटलं नाही.

तेवढ्यात गॅलरीत लाउडस्पीकर खरखरला आणि सिस्टरचा खणखणीत आवाज आला.

"कमल!"

परवा चाचणीला घातलेलं नाव. मी ते पुसायला विसरले होते.

मी धावत बाहेर आले. "कमल! कमल!" कुणी उठलं नाही. महादेवमामा बाकाच्या टोकाशी उभे होते. त्यांनी लाउडस्पीकरकडे नाही, दाराकडे बघितलं, दुपारचा डबा यायचा त्या दाराकडे. गॅलरी आपोआप चिडीचूप झाली. मला वाटलं आता ते रडतील, नाहीतर माझ्यावर ओरडतील. मी त्याला तयार होते.

ते बाकावरच्या माणसांना म्हणाले, "वायच सरका."

आणि माणसं सरकली. काही न विचारता, भिंतीकडून दाराकडे, मांडीला मांडी लावून. भिंतीपाशी एका माणसापुरती जागा झाली. तिथे कुणी बसलं नाही. ऊन मात्र तेवढ्या तुकड्यावर येत नव्हतं, बाकीच्या बाकावर होतं. सिस्टरचा हात माईकवर तसाच होता.

मी ती जागा बघत होते. माझ्यामागे आत्या येऊन उभी राहिली होती, चादर हातात घेऊन. तिने माझा खांदा धरून मला दुसरीकडे वळवलं, बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे.

तिथली बाई उठून उभी होती. तिला जागा उरली नव्हती. दाराच्या चौकटीला हात टेकून ती खोकत होती, पदर तोंडाशी.

मी आत जाऊन टर्मिनलसमोरची माझी खुर्ची उचलून आणली आणि तिला बसवलं. आत्याने चादर तिच्या पायांवर घातली. मी नाव विचारलं.

"शेवंती," ती म्हणाली.

"पूर्ण सांगा," मी म्हटलं.